घरच्या संगणकाचें दप्तर

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघालें, म्हणजे तापीचें विस्तीर्ण पात्र ओलांडल्यावर शिरपूर लागतें. एका बाजूस तापी, दुसऱ्या बाजूस सातपुड्याची निळी रांग आणि गांवांतून वाहणारी अरुणावती, असें हें खानदेशांतील तालुक्याचें ठिकाण. कापसाच्या ह्या मुलखांत आज आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखीं अभियांत्रिकी विद्यालयें आहेत. संगणकाचें शास्त्र शिकणारे तरुण पेठेंतून जातां-येतांना दिसतात. परंतु विद्यालयांत शिकविलें जाणारें शास्त्र आणि घरांतील टेबलावरच्या संगणकाची व्यवस्था ह्यांत पुष्कळच अंतर असतें. घरांत पुस्तकें असून वाचन नसावें, तसा घरांत संगणक असून त्याची निगा नसावी, हा प्रकार शिरपुरांत काय आणि पुण्या-मुंबईंत काय, सारखाच आढळतो.

ह्या संगणकांत असतें तरी काय? शेताचे सातबारा उतारे, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याचे कागद, गृहनिर्माण संस्थेचा दहा वर्षांचा हिशेब, लग्नाचीं छायाचित्रें. आणि एखाद्या घरांत तर हळदीच्या वेळीं आजीनें म्हटलेलीं अहिराणी गाणीं, तिच्याच आवाजांत. सातबारा पुन्हां काढतां येईल, गुणपत्रिकेची दुसरी प्रत आणतां येईल. आजीचा आवाज मात्र एकदां गेला म्हणजे गेलाच. म्हणून घरच्या संगणकाची व्यवस्था हा फावल्या वेळच्या कौतुकाचा विषय नसून घराच्या दप्तराचा विषय आहे.

खानदेशाला दप्तराचें मोल नव्यानें सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं गांवोगांव पायपीट करून जुने कागद जमविले. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. १९२६ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशीं धुळ्यासच त्यांचें देहावसान झालें, आणि पुढील वर्षीं धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. वाळवी, पाऊस आणि मालकाची बेफिकिरी हे जुन्या दप्तरांचे तीन शत्रु. संगणकांतील दप्तरास वाळवी लागत नाहीं. पण डिस्क अचानक बंद पडणें, चुकीची आज्ञा दिली जाणें आणि मालकाची बेफिकिरी हे तीन शत्रु त्यालाहि आहेत. तिसरा शत्रु दोन्हीकडे तोच आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

संगणकास काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक चित्रांचा: पडद्यावरील चित्रावर माउसनें टिचकी मारावी, खिडकी उघडावी, यादींतून हवें तें निवडावें. दुसरा शब्दांचा: एका साध्या खिडकींत आज्ञा टंकावी आणि ‘एंटर’ दाबावें. ह्या आज्ञेस कमांड, त्या खिडकीस टर्मिनल आणि आज्ञा वाचून ती अमलांत आणणाऱ्या प्रोग्रॅमला शेल असें म्हणतात. चित्रांचा मार्ग सोपा खरा, पण तो हातानें पाणी शेंदण्यासारखा आहे. एका बादलीस ठीक. शेत भिजवावयाचें तर पाटच हवा. सातशें छायाचित्रांच्या नांवांत वर्ष घालावयाचें असेल, तर माउसनें सातशें वेळां तेंच करावें लागतें, आणि मध्येंच कोठें तरी मन थकून चूक होतेच. शब्दांच्या मार्गानें तेंच काम तीन ओळींत होतें, सातशेंव्या छायाचित्रासहि पहिल्याइतक्याच काळजीनें होतें, आणि पुढच्या वर्षीं त्याच तीन ओळी पुन्हां उपयोगीं पडतात. अशा ओळी एका फाइलींत लिहून ठेवल्या, म्हणजे तिला स्क्रिप्ट म्हणतात.

ह्या आज्ञा इतक्या त्रोटक कां, असा प्रश्न नवशिक्यास पडतो. यादी दाखव म्हणावयाचें तर ‘एल-एस’, नक्कल कर म्हणावयाचें तर ‘सी-पी’, हलव म्हणावयाचें तर ‘एम-व्ही’, पुसून टाक म्हणावयाचें तर ‘आर-एम’. ह्याचें मूळ १९६९ सालांत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचली, तेव्हां त्यांच्यापुढें आजच्यासारखा पडदा नव्हता. टेलिटाइप नांवाचें, कागदावर छापणारें खडखडतें यंत्र होतें. त्यावर एकेक अक्षर टंकणें कष्टाचें व सावकाशीचें काम; म्हणून तारेच्या मजकुराप्रमाणें आज्ञाहि काटकसरीच्या झाल्या. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला, तोहि ह्याच वळणाचा. मॅकमधील टर्मिनल त्याच कुळांतलें. विंडोजसाठीं मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं पॉवरशेल हें साधन दिलें. त्यांतील शब्द निराळे असले तरी विचार फारसा निराळा नाहीं.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारें नेहमींचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. कित्येक घरांतील धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत, एवढ्याच कारणानें अडगळींत जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांवर लिनक्स बसविल्यास ते आणखी कांहीं वर्षें सुखानें काम देऊं शकतात. पुढील युक्त्या म्हणूनच लिनक्सच्या भाषेंत सांगितल्या आहेत.

पहिली संवय अशी कीं, आपण उभे कोठें आहों हें आधीं पाहावें. ‘पी-डब्ल्यू-डी’ ही आज्ञा सध्यां आपण कोणत्या फोल्डरमध्यें आहों तें सांगते; तिचा बांधकाम खात्याशीं कांहींएक संबंध नाहीं. त्यानंतर ‘एल-एस’ म्हणून तेथें काय काय आहे तें पाहावें. दुसरी संवय ‘टॅब’ ह्या कळीची. फाइलीच्या नांवाचीं पहिलीं दोन-तीन अक्षरें टंकून ही कळ दाबली, म्हणजे उरलेलें नांव संगणक स्वतः पुरें करतो. ह्यानें श्रम वांचतात हें खरें, पण त्याहून मोठा लाभ हा कीं, नसलेलें नांव तो पुरें करीत नाहीं. चूक हातून निसटण्यापूर्वींच कळते. तिसरी संवय ‘मॅन’ ह्या आज्ञेची. तिच्यापुढें दुसऱ्या कोणत्याहि आज्ञेचें नांव लिहिलें, म्हणजे त्या आज्ञेची माहिती पडद्यावर येते. कोणी सांगितलेली अनोळखी आज्ञा डोळे मिटून चिकटवूं नये. तिच्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ आधीं पाहावा. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचल्यावांचून जें घरांत कोणी पीत नाहीं, तेंच धोरण येथें ठेवावें.

आतां ह्या आज्ञांची खरी गंमत पाहूं जातां ती ‘पाइप’मध्यें आहे. डग मॅकिलरॉय ह्यांच्या आग्रहानें १९७३ सालीं युनिक्समध्यें ती सोय झाली. दोन आज्ञांच्या मध्यें एक उभी रेघ काढली, कीं पहिलीचें फलित आपोआप दुसरीच्या हवालीं होतें. खानदेशांतील माणसास ही कल्पना परकी वाटूं नये. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर फड-पद्धतीचें पाणीवाटप शतकानुशतकें चालत आलें आहे. बंधारा पाणी अडवितो, पाट तें वाहून नेतो, चारी तें फडापर्यंत पोंचविते; प्रत्येकाचें काम एकच आणि तें पुढच्याच्या स्वाधीन करणें एवढेंच. संस्थेच्या हिशेबाच्या फाइलींत प्रत्येक ओळीवर एक सभासद आहे असें समजावें. ‘ग्रेप’ ही आज्ञा ज्या ओळींत ‘थकबाकी’ हा शब्द आहे तेवढ्याच ओळी वेंचते. ‘सॉर्ट’ त्या नांवांच्या क्रमानें लावते. ‘डब्ल्यू-सी’ला ‘एल’ हें अक्षर जोडून दिलें, तर ती त्या ओळी मोजते. ग्रेप, उभी रेघ, सॉर्ट असें लिहिलें कीं थकबाकीदारांची यादी तयार. आणि मूळ फाइलीस धक्काहि लागत नाहीं. मात्र हा पाट एकदम बांधूं नये. पाटकरी जसा पाटाच्या कडेनें चालत जाऊन पाणी कोठें फुटतें तें पाहतो, तसें एकेक आज्ञा जोडावी, फलित डोळ्यांनीं पाहावें आणि मगच पुढची रेघ काढावी.

सर्वांत अधिक जपण्याची आज्ञा ‘आर-एम’ ही होय. माउसनें पुसलेली फाइल बहुधा आधीं कचऱ्याच्या टोपलींत जाते. ‘आर-एम’नें पुसलेली फाइल टोपलींत जात नाहीं, ती जाते ती जातेच. तिच्यापुढें ‘आय’ हें अक्षर आडव्या रेघेसह लिहिलें, तर प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वीं संगणक विचारतो. त्याहूनहि चांगली युक्ति अशी: तारका वापरून पुष्कळ फाइली पुसावयाच्या असतील, तर आधीं ‘आर-एम’च्या जागीं ‘एल-एस’ लिहून तीच आज्ञा द्यावी. ज्या फाइली पुसल्या जावयाच्या त्यांचीच यादी डोळ्यांपुढें येते. यादींत नको तें नांव दिसलें, तर कांहींच बिघडलेलें नसतें.

नांवांतील मोकळी जागा हाहि एक फसवा खड्डा आहे. शेलला मोकळी जागा दिसली कीं तेथें एक शब्द संपला असें तो समजतो. ‘जुने फोटो’ नांवाचा फोल्डर पुसावयाचा म्हणून अवतरणचिन्हांवांचून तशी आज्ञा दिली, तर शेल ती ‘जुने’ आणि ‘फोटो’ अशा दोन नांवांची समजतो. घरांत ‘फोटो’ नांवाचा खरा फोल्डर असला, तर जुन्याऐवजीं तोच नाहींसा होतो. म्हणून मोकळी जागा असलेलें नांव नेहमीं अवतरणचिन्हांत ठेवावें. नवीं नांवें देतांना मोकळ्या जागेऐवजीं आडवी रेघ वापरावी, हें तर सर्वांत उत्तम.

आणखी एक खड्डा दोन आज्ञांच्या जोडींत आहे. ‘सी-डी’ म्हणजे अमुक फोल्डरमध्यें जा, आणि त्यापुढें ‘तेथील सर्व कांहीं पूस’ असें स्क्रिप्टमध्यें लिहिलेलें असतें. समजा, तो फोल्डर त्या दिवशीं जागेवर नाहीं. पहिली आज्ञा फसते. दुसरी मात्र इमानें चालते आणि ज्या जागीं आपण उभे आहों तेथीलच सर्व कांहीं पुसते. ह्यावर उपाय असा कीं, दोन आज्ञांच्या मध्यें इंग्रजी ‘आणि’ची खूण दोन वेळां घालावी. तिचा अर्थ, पहिलें काम साधलें तरच दुसरें करावें. काम साधलें कीं नाहीं, हें प्रत्येक आज्ञा जातांना एका आंकड्यानें सांगून जाते. शाळेंत शून्य म्हणजे नापास; येथें मात्र शून्य म्हणजे यश, आणि बाकीचे सर्व आंकडे अपयशाचे. चुकण्याचे प्रकार अनेक, बरोबर येण्याचा प्रकार एकच, असा ह्या व्यवस्थेचा अर्थ लावतां येईल.

मराठी घरांपुढें कांहीं अडचणी अशा आहेत कीं, ज्या इंग्रजी पुस्तकांत सहसा सांगितलेल्या नसतात. पहिली जुन्या टंकांची. युनिकोड घरोघरीं रुळण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत लिहिला जाई. त्या फाइलींत आंत साठविलेलीं असत तीं रोमन अक्षरांचीं चिन्हें. टंक केवळ त्यांवर मराठी अक्षरांचीं चित्रें पांघरी. तो टंक नव्या संगणकांत नसला, कीं वडिलांनीं लिहिलेलें आत्मवृत्त निरर्थक अक्षरांची रास होऊन बसतें. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालची, आणि तिच्यांत देवनागरी होती. तेव्हां जुन्या फाइली तो टंक वाचतां येत आहे तोंवरच युनिकोडमध्यें उतरवून घ्याव्या, आणि मूळ फाइलहि टाकून देऊं नये. राजवाडे मंडळांत नक्कल झाली म्हणून मूळ कागद कोणी फेंकून देत नाहीं.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्यांची’ ह्या शब्दांतील अर्धा र संगणकांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो: एक, ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर घेऊन; दुसरी, साधा ‘र’ घेऊन त्यापुढें हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही रूपें सारखींच दिसतात. ‘ग्रेप’ला मात्र तीं दोन भिन्न शब्द वाटतात. एकाच यादींत दोघांनीं दोन निरनिराळ्या कळफलकांवर नांवें टंकलीं असतील, तर शोध घेतांना निम्मीं नांवें सांपडतात आणि निम्मीं सांपडत नाहींत. यादींत नांव असून माणूस यादीबाहेर राहतो. ‘ॲ’ ह्या अक्षराचेंहि तसेंच. त्यास स्वतंत्र स्थान युनिकोडमध्यें २००८ सालीं मिळालें. त्यापूर्वींच्या मजकुरांत तें ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेलें असतें. ह्यावर तात्पुरता उपाय म्हणजे शब्दाचा निर्विवाद भाग, जसें ‘शेतक’ एवढाच, शोधावा. कायमचा उपाय म्हणजे ‘सेड’ ह्या आज्ञेनें सर्व फाइलींत एकच रूप करून घ्यावें. अर्थात् आधीं नक्कल काढून, आणि नकलेवर.

तिसरी अडचण अंकांची व नांवांच्या लांबीची. मजकुरांत मराठी अंक शोभतात आणि ते असावेतच. परंतु ‘सॉर्ट’ला संख्येच्या क्रमानें लाव असें सांगितलें, तर ती केवळ इंग्रजी अंकच ओळखते. म्हणून फाइलींच्या नांवांत आणि हिशेबाच्या रकान्यांत इंग्रजी अंक वापरावे. दिनांक लिहितांना आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, असा क्रम ठेवावा आणि एक अंकी महिन्यापूर्वीं शून्य घालावें. म्हणजे नांवांचा क्रम आणि काळाचा क्रम आपोआप एकच होतो. लांबीविषयीं सांगावयाचें तें असें कीं, लिनक्समध्यें नेहमींच्या डिस्कवर एका नांवास २५५ बाइट एवढीच जागा असते. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. आणि काना, मात्रा, अनुस्वार हीं सर्व निराळीं चिन्हें धरलीं जातात. म्हणजे मराठी नांव पंचायशी चिन्हांच्या पुढें जाऊं शकत नाहीं. फाइलीचें नांव हें नांव असावें, निबंध नसावा.

आतां स्क्रिप्ट लिहिण्याविषयीं. तिच्या पहिल्या ओळींत हॅशची खूण, उद्गारचिन्ह आणि त्यापुढें शेलचा पत्ता असतो. हा शेल बहुधा ‘बॅश’ म्हणजे ब्रायन फॉक्स ह्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेला. त्यानंतरच्या ओळींत, हॅशची खूण करून, ही स्क्रिप्ट काय करते, केव्हां लिहिली आणि कां लिहिली, तें मराठींत चार वाक्यांनीं लिहून ठेवावें. शेल त्या ओळी वाचीत नाहीं. त्या माणसांसाठींच असतात, आणि सहा महिन्यांनीं स्वतः लिहिणारासहि त्यांची गरज पडते. ‘सेट’ ह्या आज्ञेस ‘ई’ आणि ‘यू’ हीं अक्षरें जोडून एक ओळ आरंभीं घालावी. ‘ई’मुळें एखादें काम फसलें, कीं सामान्यतः स्क्रिप्ट तेथेंच थांबते; ‘यू’मुळें ज्या संज्ञेस कांहीं मूल्यच दिलेलें नाहीं ती वापरली गेल्यास स्क्रिप्ट पुढें जात नाहीं. हें दुसरें फार मोलाचें आहे. ‘अमुक फोल्डरच्या आंतलें सर्व पूस’ ह्या आज्ञेंतील ‘अमुक’ रिकामें राहिलें, तर तिचा अर्थ ‘सर्वच पूस’ असा होऊं शकतो.

रोजचें काम रोज आठवणीनें करणें माणसास जड जातें. तें ‘क्रॉन’कडे सोंपवावें. क्रॉनच्या वहींत प्रत्येक ओळीस पांच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि वार. शून्य, एकवीस आणि पुढें तीन तारका असें लिहिलें, तर रोज रात्रीं बरोबर नऊ वाजतां तें काम होतें. परंतु खानदेशांत नऊ वाजतां वीज असेलच असें नाहीं. संगणक बंद असतांना जी वेळ टळली, ती क्रॉन मागाहून भरून काढीत नाहीं. त्यासाठीं ‘अनाक्रॉन’ नांवाचें साधन आहे. आजचें काम राहून गेलें असेल, तर संगणक पुन्हां सुरू झाल्यावर तें तो करून टाकतो. भारनियमनाच्या गांवीं क्रॉनपेक्षां अनाक्रॉनच बरा. कोणतेंहि साधन वापरलें, तरी कामाची नोंद एका फाइलींत पडावी अशी व्यवस्था करावी. मुकाट्यानें चालणारें काम मुकाट्यानें बंदहि पडतें.

सर्वांत महत्त्वाचें काम तें नकलेचें. त्यासाठीं अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस ह्यांनीं १९९६ सालीं पुढें आणलेली ‘आर-सिंक’ ही आज्ञा उत्तम. ती दरवेळीं सर्व कांहीं पुन्हां न उतरवितां, जें बदललें तेवढेंच उतरविते. तिच्या बाबतींत चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मूळ फोल्डरच्या नांवाच्या शेवटीं तिरपी रेघ असली, तर त्याच्या आंतील वस्तू उतरतात. नसली, तर फोल्डरच उतरतो. ‘डिलीट’ हा शब्द जोडला, तर मूळांत जें नाहीं तें नकलेंतूनहि जातें. म्हणजे चुकून पुसलेली फाइल नकलेंतूनहि पुसली जाते. ‘एन’ हें अक्षर जोडलें, तर प्रत्यक्ष कांहीं न करितां काय होणार आहे तेवढेंच दिसतें. पहिल्या वेळीं हेंच करावें. आणि चौथी गोष्ट: बाहेरची डिस्क खरोखर जोडलेली आहे कीं नाहीं, हें स्क्रिप्टनें आधीं ‘माउंटपॉइंट’ ह्या आज्ञेनें तपासावें. ती जोडलेली नसली आणि तिच्या नांवाचा रिकामा फोल्डर तेवढा असला, तर सारी नक्कल मूळच्याच डिस्कवर उतरते. घरच्यांस वाटतें, दोन प्रती आहेत. प्रत्यक्षांत दोन्ही एकाच छपराखालीं आणि एकाच भिंतीवर असतात.

नकलेचा सर्वमान्य नियम तीन, दोन, एक असा सांगतात: प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी घराबाहेर असावी. शिरपूरच्या घराची तिसरी प्रत मुलीकडे नाशकास असली, म्हणजे आग, पूर आणि चोरी ह्या तिन्हींची चिंता बरीच कमी होते. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार ह्या चित्रपट-संस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्राचें काम चाललें असतां कोणाच्या तरी हातून ‘आर-एम’ची आज्ञा भलत्या जागीं दिली गेली, आणि पाहतां पाहतां चित्रांतील पात्रें व देखावे नाहींसे होऊं लागले. नक्कल होती, पण ती कित्येक दिवस नीट उतरतच नव्हती, हें त्या दिवशीं कळलें. तान्ह्या मुलामुळें गॅलिन सुसमन ह्या तंत्रप्रमुख बाई घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकांत एक प्रत होती, तिनें चित्र वांचलें. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गोष्ट. घरच्या संगणकाची काय कथा! म्हणून नक्कल काढणें हें अर्धेंच काम आहे. महिन्यांतून एकदां नकलेंतून दोन-चार फाइली परत आणून उघडून पाहाव्या. जी नक्कल कधीं परत आणून पाहिली नाहीं, ती नक्कल नव्हे, ती आशा होय.

राहिली रोजची देखभाल. मालकी हक्कानें, म्हणजे ‘सुडो’ लावून, काम करणें केवळ गरजेपुरतेंच ठेवावें. तिजोरीची किल्ली कमरेला असावी, ती कडीला लावून ठेवूं नये. प्रणालीची दुरुस्ती आठवड्यास एकदां बसवून घ्यावी. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगभरच्या संगणकांतील फाइलींना कुलपें ठोकलीं. ज्या दोषांतून तो शिरला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती ते सांपडले. नकलेची डिस्क काम झालें कीं काढून कपाटांत ठेवावी, तीहि ह्याच कारणासाठीं. जोडलेल्या डिस्कलाहि तेंच कुलूप बसतें. ‘डी-एफ’ ही आज्ञा डिस्कवर किती जागा उरली तें सांगते, ‘डी-यू’ ती कोणीं खाल्ली तें सांगते. जागा संपत आली म्हणजे संगणक विचित्र वागूं लागतो, फाइली जतन होत नाहींत. तेव्हां हीच पहिली तपासणी करावी. वैशाखांतील खानदेशचा उन्हाळा यंत्रासहि सोसत नाहीं. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा अंतर्भागाचें तपमान दाखविते. तें चढत असलें, तर पंख्यांतील धूळ आणि कापसाची तूस वीज बंद करून साफ करावी, आणि संगणक खिडकीच्या उन्हांतून हलवावा. वीज एकाएकी गेल्यानें लिहिली जात असलेली फाइल मोडते. म्हणून यू-पी-एस ही चैन नव्हे.

शेवटचा मुद्दा माणसांचा आहे. बहुतेक घरांत संगणकाची सारी माहिती एकाच्याच डोक्यांत असते. तो मुलगा शिक्षणास किंवा नोकरीस परगांवीं गेला, म्हणजे स्क्रिप्ट कोठें आहे, नक्कल कोणत्या डिस्कवर आहे आणि ती परत कशी आणावयाची, हें कोणासच ठाऊक नसतें. एका साध्या वहींत हें सर्व शाईनें लिहून ती वही घरच्या कागदांबरोबर ठेवावी, आणि घरांतील दुसऱ्या एखाद्या माणसाकडून, आईकडून म्हणा कीं धाकट्या बहिणीकडून म्हणा, ती वही वाचून एकदां नक्कल परत आणवून पाहावी. त्या माणसास तें जमलें, तरच व्यवस्था झाली असें समजावें. दप्तर राहतें तें कागदाच्या बळकटपणानें नव्हे, तर त्याच्याकडे पाहणारीं माणसें एकामागून एक होत गेलीं म्हणून. आजीचा आवाज नातवाच्या मुलांनीं ऐकावा असें ज्या घरास वाटतें, त्या घरानें आठवड्याची अर्धी घटका ह्या कामासाठीं काढून ठेवण्यास हरकत नाहीं.